मोठा नग, थोडे भाडे

(ट्रस्टच्या महोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या सभेत शाळामास्तराला उभे केले की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे ठरलेलेच असते. ते महत्त्व आपण सर्व जाणता. आपल्या ट्रस्टची शिष्यवृत्ती घेऊन शिकलेली मुले याच मंडपात बसली आहेत, त्यांच्यापुढे ते पुन्हा सांगावे असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आज आम्ही कपाटाच्या भाड्याविषयी बोलणार आहोत. काही मंडळी हसत आहेत, त्यांनी खुशाल हसावे. परंतु आपल्यात सुतारकाम, पॉलिश आणि गादीकाम यांवर पोट असलेली घरे थोडीथोडकी नाहीत, आणि त्या घरांतले मूल दहावीनंतर पुढे शिकणार की नाही याचा निकाल कित्येकदा परीक्षा मंडळाच्या आधी टेम्पोच्या अड्ड्यावर लागतो.

आमचा एक जुना विद्यार्थी निपाणीत फर्निचर करतो. हात चांगला, लाकडाची पारख चांगली, बोललेल्या तारखेला माल देणारा. पुण्याच्या एका गृहस्थांनी त्याच्याकडे कपाट, पलंग आणि ड्रेसिंग टेबल मागितले. भाव ठरला. मग ट्रान्सपोर्टवाल्याने मापे घेऊन भाडे सांगितले, तेव्हा कळले की त्या भाड्यात सारी मजुरी जाऊन शिवाय पॉलिशचा खर्च अंगावर येणार. शेवटी ते तिन्ही नग त्याने कोल्हापूरच्या एका दुकानदाराला लाकडाच्या किमतीवर थोडेसे चढवून दिले. दुकानदाराने तेच पुढे पुण्याला पाठवले आणि वरचा नफा घेतला. त्याला ते परवडले, कारण त्याची गाडी भरून जात होती. याची एकट्याची तीन नगांची रिकामी गाडी कशी परवडावी? त्या वर्षी या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ कॉलेजात गेला नाही, दुकानात मदतीला राहिला. असे दोन-तीन दाखले आमच्या पाहण्यात आले, तेव्हा आम्ही हा विषय हाती घेतला. रंधा आम्हांस धरता येत नाही. पण गेली काही वर्षे संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांची बिले आणि अर्ज भरून देताना जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या भागाची अडचण पाहू. निपाणीला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन म्हणजे चिकोडी रोड, नाहीतर सरळ कोल्हापूर किंवा बेळगाव. दुसरी अडचण सीमेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा तिकडे राहिला. सीमेचा वाद हा आजच्या सभेचा विषय नव्हे. पण सुताराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. गिऱ्हाईक कागलला, गडहिंग्लजला, इचलकरंजीला आणि कोल्हापुरात. म्हणजे बाजार एका राज्यात आणि कारखाना दुसऱ्या राज्यात. याचा कागदपत्रांशी मोठा संबंध आहे, त्याकडे पुढे येतो.

आता मूळ प्रश्न. भाडे कशाला लागते, वजनाला की जागेला? बहुतेक कारागीर म्हणतात वजनाला. पावतीवर किलोच लिहिलेले असतात, म्हणून तसे वाटते. तंबाखूच्या पेठेत वाढलेल्या निपाणीकरांस मात्र हे सांगायला नको की तंबाखूच्या बोदांनी ट्रक काठोकाठ भरतो तरी त्याचे वजन पुरे होत नाही. गाडीवाल्याच्या दोन मर्यादा असतात. एक वजनाची, एक जागेची. जी आधी संपेल तिचे पैसे तो घेणार. फर्निचरची जागा आधी संपते. म्हणून ट्रान्सपोर्टवाले मालाचे घनफूट काढतात आणि दर घनफुटाला अमुक किलो असे धरून वजन लावतात. कोणी सहा किलो धरतो, कोणी आठ, कोणी दहा. खरे वजन आणि हे मानलेले वजन यांत जे जास्त, त्यावर भाडे. विमानाने जाणाऱ्या कुरियरचा हिशेब याहून कडक. तेथे सेंटिमीटरमधली तीन मापे गुणून बहुधा पाच हजारांनी भागतात.

फळ्यावर मांडावे तसे एक उदाहरण मांडतो. कपाट साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल. गुणाकार बावन्न घनफूट. घनफुटाला दहा किलो धरले तर पाचशे वीस किलो. त्या कपाटाचे खरे वजन समजा एकशे वीस किलो. उरलेले चारशे किलो कशाचे? हवेचे. कपाटाच्या पोटात जी रिकामी जागा आहे, तिचे भाडे आपण निपाणीपासून पुण्यापर्यंत भरतो. हिशेबापुरता किलोला चार रुपये दर धरा, दोन हजार ऐंशी रुपये झाले.

आता तेच कपाट सुटे करू. दोन बाजू, दोन दारे, पाठीमागच्या फळीचे दोन अर्धे, वरची-खालची फळी आणि चार कप्पे. हे सर्व एकावर एक रचले, मध्ये कापड घातले, तर गठ्ठा होतो सात फूट लांब, सव्वादोन फूट रुंद आणि दहा इंच जाड. घनफूट तेराच्या आसपास. मानलेले वजन एकशे तीस किलो, म्हणजे खऱ्या वजनाला टेकलेच. त्याच दराने भाडे पाचशे वीस रुपये. दर तुमच्या अड्ड्यावर निराळा असेल, पण चौथाई हे प्रमाण बदलणार नाही. गठ्ठा दोन भागांत बांधला तर प्रत्येक साठ-पासष्ट किलोंचा होतो. दोन माणसे उचलतात, चार हमाल लागत नाहीत. शिवाय पुण्याच्या इमारतीत तो जिन्याने चढतो. जोडलेले कपाट जिन्याच्या वळणावर अडते आणि मग दोराने गच्चीतून ओढून घ्यावे लागते, त्याचे पैसे निराळे आणि भिंतीला लागलेल्या ओरखड्यांची बोलणी निराळी.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की स्वस्त वाहतूक गाडीच्या अड्ड्यावर मिळत नाही. ती कारखान्यात, नगाचे चित्र कागदावर काढताना मिळवावी लागते. नग पूर्ण जोडून, पॉलिश करून झाल्यावर गाडी शोधायला निघालात की घासाघीस करण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

यावर वयस्कर कारागीर काय म्हणतात ते आम्हांस ठाऊक आहे. शहापुरातल्या एका चाचांनी आम्हांस सरळ सुनावले, "मास्तरसाहेब, सुटे कपाट म्हणजे बाजारू कपाट. चार वर्षांत डुगडुगते. आमचा सांधा आमच्या नातवापर्यंत टिकतो." चाचांचा मान राखून आम्ही म्हणतो की खोट सुटे करण्यात नाही. भुसा दाबून केलेल्या पातळ फळीत स्क्रू पिळला तर तो सुटणारच. सागवानात किंवा चांगल्या प्लायमध्ये लोखंडी नट बसवून बोल्ट आवळला तर तो सैल झाल्यास पुन्हा आवळता येतो. आणि सुटे फर्निचर ही काही परवाची गोष्ट नव्हे. आपला झोपाळा पाहा. फळी, कड्या, साखळ्या, सारे सुटे. जुने पलंग पाहा. पाय निराळे, दांड्या निराळ्या, पाचर ठोकली की उभे. बैलगाडीतून लग्नाचे सामान जायचे ते असेच जायचे.

बेळगावच्या कॅम्पात इंग्रजी अमदानीपासून लष्कर आहे. बदली झाली की साहेबाचे सामान मोडून पेटीत बसले पाहिजे, अशी त्या लोकांची रीत होती. मधोमध दोन भाग होणारे खणांचे कपाट, घडीचे मेज, आणि रुडकी गावच्या नावाने ओळखली जाणारी खुर्ची. या रुडकी खुर्चीत खिळा नाही, सरस नाही. दांड्यांची निमुळती टोके पायांच्या भोकांत बसतात, वरून कापड ताणलेले असते, आणि माणूस बसला की सांधे उलट घट्ट होतात. व्हिएन्नाच्या थोनेट नावाच्या कारखानदाराने १८५९ साली वाफेने वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली. सहा लाकडे, काही स्क्रू आणि दोन नट. तिचे भाग सुटे करून एक मीटर लांब, रुंद व उंच अशा एका पेटीत छत्तीस खुर्च्या बसत. एक घनमीटर म्हणजे पस्तीस घनफूट, म्हणजे खुर्चीला घनफूटही नाही. आपली जेवणाच्या टेबलाची खुर्ची दीड फूट रुंद, दीड फूट खोल, तीन फूट उंच धरली तर जोडलेली पावणेसात घनफूट खाते. इकियाचे नाव तरुणांनी ऐकले असेल. २०१८ साली त्यांनी हैदराबादेत दुकान काढले. स्वीडनमधल्या त्या कंपनीनेही १९५६ च्या सुमारास टेबलाचे पाय काढून ते मोटारीत बसवण्यापासून ही वाट धरली. चाचांचा सांधा त्यांच्याकडे नाही. त्यांची घडी तेवढी आपण घ्यावी.

मात्र सगळेच सुटे होत नाही. जुन्या पद्धतीचे कोरीव कपाट, गाद्या ठोकलेला सोफा यांना हात लावू नये. सोफ्याचे पाय आणि शक्य तर दोन्ही हात बोल्टवर ठेवावेत, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. पलंगाच्या डोक्याकडची फळी सहा फुटांची असली तरी ती गाडीत उभी जाते. खुर्च्या जोडीजोडीने, एकीच्या बैठकीवर दुसरीची बैठक उलटी ठेवून बांधाव्यात.

सुटा माल पाठवायचा तर पलीकडे तो जोडणार कोण, हा खरा प्रश्न आहे. गिऱ्हाईक मान हलवते, पण कपाट उभे राहिले नाही की पैसे अडवते. यासाठी तीन गोष्टी आमच्या माहितीतले कारागीर करू लागले आहेत. माल बांधण्याआधी तो कारखान्यात एकदा पूर्ण जोडून पाहायचा. प्रत्येक भागावर आतल्या बाजूस क, ख, ग अशी अक्षरे घालायची, जे दोन भाग जुळतात त्यांवर एकच अक्षर. बोल्ट-नट कापडी पिशवीत, दोन-चार जादा घालून, एखाद्या फळीलाच बांधायचे, म्हणजे पिशवी हरवत नाही. आणि पुण्यात, पणजीत, मिरजेत एक-एक ओळखीचा सुतार धरून ठेवायचा. जोडणीची मजुरी त्याला द्यायची, ती किमतीत आधीच धरायची. पुढे त्याच्याकडचे काम आपल्याकडे येते, असाही अनुभव आहे.

आता गाड्या. फक्त आपला माल भरून गाडी करणे हे सर्वांत महाग. कागल-कोल्हापूरपर्यंत ते चालून जाते. २००५ साली टाटांची छोटी गाडी आली, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो. तिच्या मागच्या हौद्यात सात फुटांचा गठ्ठा आडवा बसतो. आणखी एक सोय अशी की ज्या मालगाडीचे भारासह एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत आहे तिला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना मात्र नीट हवा, कारण सीमेवर कागद पाहिले जातात.

लांब पल्ल्यासाठी परतीची गाडी शोधावी. मुंबई-पुण्याहून माल घेऊन आलेली गाडी बेळगावात किंवा निपाणीत रिकामी होते, आणि मोकळे परतण्यापेक्षा चालक कमी भाडे घेतो. पण त्यासाठी आपला माल तयार, बांधलेला आणि रस्त्यालगत असावा लागतो. "उद्या पॉलिश सुकेल" असे सांगितले की गाडी निघून जाते. दुसरी एक युक्ती कोणी फारशी वापरीत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि तिकडे शिरोली, गोकुळ शिरगावात फाउंड्र्या आहेत. ओतीव लोखंडाने गाडीचे वजन लवकर पुरे होते आणि वर कितीतरी जागा रिकामी राहते. म्हणजे आपल्या मालाच्या नेमके उलट. लोखंड थोडे कमी भरून वरच्या जागेत सुटी कपाटे घातली तर दोघांचे भले होते. अट एवढीच की मध्ये फळ्यांची भक्कम आडभिंत हवी. घाटात लोखंड सरकले तर कपाटाचा भुगा होईल. गोव्याकडे रोज जाणाऱ्या भाजीच्या गाड्यांचा मोह कोणाला होईल. तो टाळावा. ओली भाजी आणि ताजे पॉलिश यांचे जमत नाही.

रेल्वे, एसटी आणि टपाल यांविषयी थोडक्यात सांगतो. रेल्वेचे पार्सल दिल्ली-कोलकात्यासारख्या दूरच्या ठिकाणी उपयोगी. मोठ्या मापाच्या नगाला तेथेही जास्तीचा आकार असतो, आणि ज्या स्टेशनावर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते तेथे नग कसा उतरवला जातो हे ज्याने पाहिले आहे त्यास अधिक सांगणे नको. कर्नाटक परिवहनाने २०२१ च्या फेब्रुवारीत 'नम्म कार्गो' सुरू केली, महाराष्ट्राच्या एसटीनेही २०२० पासून मालवाहतूक वाढवली. चौरंग, स्टूल, आरशाची चौकट, खुर्चीचा सुटा गठ्ठा यांसाठी बस चांगली. स्पीड पोस्टाची मर्यादा पस्तीस किलोंची, तेथे कपाट जाणार नाही.

कागदांकडे येतो. हा भाग कंटाळवाणा, पण सीमेवरच्या माणसाला यातच जास्त दंड बसतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. कर्नाटकात कर्नाटकातच माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी करावी लागते. बंगळूरचा कारागीर पाचशे किलोमीटरवर बेळगावला माल विकतो तो राज्यातला, आणि निपाणीचा कारागीर वीस-पंचवीस किलोमीटरवर कागलला विकतो तो परराज्यातला. कायद्याला नकाशा दिसतो, गाव दिसत नाही. ज्यांनी सोपी म्हणून कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांना तर परराज्यात माल विकताच येत नाही. कोल्हापूरची ऑर्डर घेण्यापूर्वी आपण कोणत्या योजनेत आहोत हे प्रत्येकाने पाहावे.

दुसरा कागद ई-वे बिल. करासह पन्नास हजारांवरचा माल मोटारगाडीने न्यायचा तर तो लागतो. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत वाढवून घ्यावी लागते. घरातले वापरलेले सामान बदलीच्या वेळी नेताना हे बिल लागत नाही. परंतु मुलीच्या लग्नासाठी घेतलेले नवे कपाट-पलंग हे वापरलेले सामान नव्हे. येथे बसलेल्या आई-वडिलांनी हे ध्यानात ठेवावे आणि दुकानदाराकडून बिल आणि ई-वे बिल दोन्ही मागून घ्यावे. आणखी एक बारकावा आहे. निपाणीत चौकट करून ती गादीकामाला किंवा पॉलिशला कोल्हापूरच्या कारागिराकडे पाठवली, आणि धाडणारा किंवा घेणारा नोंदणीकृत असला, तर मालाची किंमत पाच हजार असली तरी ई-वे बिल काढावे लागते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मजुरीकामाला धाडलेल्या मालास पन्नास हजारांची सूट नाही. अडचण आली तर आमच्याकडे यावे, आम्ही शाळा सुटल्यावर घरीच असतो.

आता मोडतोड. एका ट्रान्सपोर्टमार्फत गेलेल्या कपाटाचा आरसा फुटला आणि एक बाजू चिरली. चोवीस हजारांचा माल. भरपाई मागितली तेव्हा पावतीच्या पाठीमागचा बारीक मजकूर दाखवण्यात आला. त्याविषयी कायदा काय म्हणतो ते ऐका. १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा रस्ते वाहतूक कायदा आला, तो २०११ च्या मार्चपासून अमलात आहे. त्याखालच्या नियमाप्रमाणे, माल धाडताना जादा किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती. भाडे नऊशे असेल तर नऊ हजार, मग कपाट चोवीस हजारांचे का असेना. आणि दाव्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्या दिवसापासून एकशे ऐंशी दिवसांच्या आत. पुष्कळ लोक फोनवर भांडत बसतात आणि सहा महिने निघून जातात. तेव्हा बिल्टीवर किंमत लिहून घ्या, महागाच्या मालाला एका खेपेपुरता विमा घ्या, आणि माल उतरताना मोडलेले दिसले तर पोहोच पावतीवर तसे लिहिल्याशिवाय सही करू नका, हे गिऱ्हाइकालाही सांगून ठेवा.

सर्वांत चांगला विमा म्हणजे बांधणी. मिरजेला सतार-तंबोरे करणारी घराणी आहेत. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा अंड्यासारखा नाजूक, तरी तो देशभर आणि देशाबाहेर जातो. त्याचे मर्म असे की तारा सैल सोडतात आणि पेटीत भोपळ्यावर भार येऊ देत नाहीत. कपाटालाही तेच लागू. भार कडांवर आणि चौकटीवर घ्यावा, फळीच्या मध्यावर नको. आरसा कधीही आडवा ठेवू नये, उभा ठेवावा. कोपऱ्यांना पुठ्ठ्याची दुहेरी घडी. ताज्या पॉलिशवर प्लॅस्टिक गुंडाळू नये. आत दमट हवा कोंडते आणि पॉलिश पांढरे पडते, उन्हात तर प्लॅस्टिक चिकटूनच बसते. आधी कापड, मग पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिक. चोर्ला आणि आंबोलीच्या पावसात जून ते सप्टेंबर याची गरज आहे, विजापूरकडे माल जाताना नाही. तिकडे हवा कोरडी, लाकूड आखसते, म्हणून भरीव फळी चौकटीत थोडी मोकळी ठेवावी.

कापडासाठी आम्ही भगिनींकडे वळतो. जुन्या लुगड्यांच्या वाकळी आपल्या घरोघर शिवल्या जातात. फर्निचर बांधायला वाकळीसारखी वस्तू नाही. विकतचे फुग्याचे प्लॅस्टिक एकदा वापरून टाकावे लागते, वाकळ वीस खेपा करून परत येते. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा एका मापाच्या वाकळी शिवून घेतल्या, त्यांवर ट्रस्टचा शिक्का मारला, आणि दर खेपेला कारागिराकडून थोडे भाडे घेतले, तर शिवणाऱ्या हातांना घरबसल्या दोन पैसे मिळतील.

येथे आम्ही विश्वस्तांपुढे मागणे मांडतो. ट्रस्टने धंदा करावा असे आम्ही म्हणत नाही. ते त्याच्या घटनेत बसेल की नाही हे वकील सांगतील, आणि बसले तरी आम्हांस ते रुचणार नाही. आम्हांस हवी आहे ती जागा. निपाणीत रस्त्यालगत, पाणी न गळणारी एक खोली. जेथे पाच-सहा कारागिरांचा बांधलेला माल आठवड्यातून एका ठरलेल्या वारी एकत्र येईल. एकाचे कपाट, दुसऱ्याचे सहा खुर्च्यांचे गठ्ठे, तिसऱ्याचा पलंग, अशी एक गाडी कोल्हापूर-पुणे मार्गाला लागेल. भाडे घनफुटांप्रमाणे वाटून घ्यायचे. ज्याने नग नीट सुटा केला त्याला कमी पडेल, ज्याने हवा पाठवली त्याला जास्त पडेल. कोणाला शिकवावे लागणार नाही. प्रत्येकाचे बिल आणि ई-वे बिल ज्याचे त्याच्या नावे राहील, गाडी तेवढी एक. डिसेंबर २०२२ प्रमाणे सीमेवर तणाव होऊन गाड्या थांबल्या, तर माल कोणाच्या ओसरीवर भिजत पडण्याऐवजी त्या खोलीत सुरक्षित राहील, हाही एक लाभ.

कोणी विचारील, पाच कारागीर एकत्र कसे नांदणार? एकमेकांची गिऱ्हाइके पळवतील. हा धोका आहे, आम्ही नाकारीत नाही. म्हणून गठ्ठ्यावर गिऱ्हाइकाचे नाव न घालता नुसता नंबर घालावा आणि नावांची वही ट्रस्टच्या कारकुनाकडे असावी, असे आमच्या विद्यार्थ्यांनीच सुचवले. मुले आपल्यापेक्षा सावध आहेत.

आमचा तो निपाणीचा विद्यार्थी आज सभेत आला आहे. त्याने गेल्या महिन्यात सुट्या कपाटाचा एक नमुना केला, तो मंडपाच्या बाहेर डाव्या हाताला ठेवला आहे. ज्येष्ठ कारागिरांनी तो हलवून पाहावा आणि कोठे डुगडुगतो ते त्याच्या तोंडावर सांगावे. शहापूरच्या चाचांना आम्ही मुद्दाम आमंत्रण दिले आहे. पहिल्या गाडीसाठी वही कारकुनांच्या टेबलावर आहे. नाव, गाव, कोणता नग, बांधल्यानंतरची त्याची तीन मापे आणि माल कोठे जायचा, एवढे लिहावे. मापे फुटांत लिहिली तरी चालतील, मीटर आम्ही करून घेऊ.